दोनशे चौदावं पान

सिनेमात जिना उजवीकडून चढतो.
ठीक आहे, जिन्याचं एवढं काय.
पुस्तकातला कंपाउंडर बुटका होता, डाव्या कानानं अधू.
पडद्यावर सहा फुटी देखणा आला, दोन्ही कानांनी ऐकणारा;
तेही मी पॉपकॉर्नबरोबर गिळलं.
खरं तर त्या कानामुळेच त्याची दुसरी बायको, कुमुद,
कायम त्याच्या उजवीकडे बसते,
आणि एका रात्री मुद्दाम डावीकडे बसून बोलते.
काय बोलते, ते फक्त वाचणाऱ्याला ठाऊक.
असो.

मी वाट पाहत होते ती चंपूची.
नऊ वर्षांची, आई वारलेली.
कुमुदशी बोलताना दर वाक्यात 'आम्ही'.
आम्ही चहात आलं घालत नाही.
आम्ही निरांजन तिथे ठेवत नाही.
आम्ही म्हणजे ती आणि भिंतीवरचा फोटो.
दोनशे तेरा पानं हा एक शब्द
आतून लावलेल्या कडीसारखा.
मग माळव्यातली थंडी पडते,
नंदलालपुऱ्यातून मटार येतो,
दोघी सोलत बसतात, मधे सूप,
आणि मुलगी वर न बघता म्हणते,
उद्या आपण गराडू तळायचे?

बस, एवढंच.
कुमुद रडत नाही. एक दाणा सुपाबाहेर उडतो,
तो उचलायला ती जरा जास्त वेळ घेते.
पान संपतं.

सिनेमा हिंदी.
चंपू सुरुवातीपासून म्हणत होती,
हम चाय में अदरक नहीं डालते.
आणि आता म्हणाली,
कल हम गराडू तलें?
तेही हम, हेही हम.
काहीतरी निसटलंय हे दिग्दर्शकाला कळलं असावं,
कारण त्यानं व्हायोलिनं आणली,
कुमुदला घळाघळा रडवलं,
खिडकीबाहेर पाऊससुद्धा पाडला, भर पौषात.
मागची पोरं म्हणाली, अब ये क्यों रो री है भिया?
रास्तच होता प्रश्न.

फक्त तीन रांगा पुढे
एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला.
पुणतांबेकर, तोफखान्याचे.
माझी त्यांची ओळख लायब्ररीच्या चिठ्ठीवरची:
पुस्तकाच्या पाठीला चिकटवलेली,
माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव,
शहात्तर सालचं, जांभळ्या शाईत.
आणि दोनशे चौदाव्या पानावर, 'आपण'च्या खाली,
पेन्सिलीचा ठिपका, जेमतेम टेकवलेला.
कुणाचा, मी कधी विचारलं नाही.
एकदा पुसट झाला तेव्हा वरून गिरवला फक्त.

बाहेर ते स्कूटरची किल्ली खिशाखिशांत शोधत होते.
म्हणाले, तुम्हाला ऐकू आलं का हो? म्हटलं ना तिनं?
मी म्हटलं, म्हटलं असेल.
व्हायोलिन फार होतं.
ते म्हणाले, हो, फार होतं,
आणि किल्ली सापडूनही थोडा वेळ तसेच उभे राहिले.

नऊ वाजता मुलाचा फोन, हैदराबादहून.
मी मराठीत बोलते, तो हिंदीत.
हे कधी सुरू झालं आठवत नाही,
भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं.
म्हणाला, मम्मी, हम सोच रहे थे
लोकमान्यनगर वाला मकान निकाल देते हैं,
हम यहाँ बड़ा फ्लैट ले लेंगे.

खोबऱ्याच्या वाटीवर सुरी तशीच धरून मी विचारलं,
आम्ही, की आपण?

मतलब?

त्याच्यामागे टीव्ही चालू होता, सून कशाला तरी हसली.
मी म्हटलं, काही नाही रे.
गराडू आलेत बाजारात.