अस्वलबेटाची नोंदवही

नावातच अस्वल आहे ह्या बेटाच्या,
त्यामुळे बारा जणांनी पैसे मोजले ते अस्वलाचेच.
मी ट्रॉम्सोच्या धक्क्यावर आधीच सांगितलं होतं,
उन्हाळ्यात बर्फ मागे सरतो,
बर्फाबरोबर अस्वल जातं
आणि उरतं ते नाव.
कुणी ऐकलं नाही. एकीने टिपून घेतलं.

दोन दिवस समुद्राने आम्हाला सुपात घालून पाखडलं.
बेर्गनच्या दातांच्या डॉक्टरीणबाई
खोलीचं दार लावून बादलीशी बोलत होत्या.
तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि धुकं आलं,
असं, की बोटीच्या नाळेवर उभा असलेला आस्लाक
म्हणजे नुसता एक खोकला.

होडीत बसण्याआधी बुटांचे तळ घासायचे, हा नियम.
खाचेत अडकलेलं गवताचं एक बीसुद्धा
तिकडे जाता कामा नये.
म्हातारे हाल्वर सगळ्यांत जास्त वेळ घासत बसले.
"पूर्वी असलं काही नव्हतं," म्हणाले.
पूर्वी म्हणजे कधी, मी विचारलं नाही.
माझं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे होतं.

रबरी होडी दक्षिणेच्या कड्याखाली नेली.
कडा दिसत नव्हता, त्याचा वास येत होता:
मासे, ओला चुना, पिढ्यान्‌पिढ्यांची शीट.
आणि गलका, बाजार उठताना
सगळे एकदम भाव पाडतात तसा.
मी इंजिन बंद केलं.

लोमवी पक्ष्याचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं
की कड्यावरून उडी मारतं.
उडण्याजोगे पंख अजून फुटलेले नसतात.
खाली आई नसते. बाप असतो,
पाण्यात, हाका मारत,
आणि एवढ्या हजारोंच्या ओरड्यात
पिल्लाला नेमकी त्याचीच हाक कळते.
हे मी दहा हंगाम म्हणत आलोय,
पाढे म्हणावेत तसं.

थप्प.
धुक्यातून काहीतरी पडलं. दिसलं नाही.
थप्प. थप्प.
मग एक मोठा कुरव खाली झेपावला
आणि एक चिवचिव मध्येच तुटली.
"काहीतरी करा ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
काही करायचं नसतं, हाही नियम.

तेव्हा हाल्वर बोलले, कुणाकडेच न बघता.
"उत्तर किनाऱ्यावर हवामान केंद्र आहे ना,
तिथे मी वायरलेसवर होतो. एकाहत्तरचा हिवाळा.
मुलगी झाली ते मला टिंब-रेघांत कळलं.
वजन आधी आलं, मग नाव.
कागद जवळ नव्हता, तर ते हवामानाच्याच वहीत लिहिलं,
वाऱ्याचा वेग आणि ढगांची उंची ह्यांच्या मध्ये.
सात महिन्यांनी बोट आली मला न्यायला."
पुढचं सांगतील म्हणून आम्ही थांबलो.
हातमोज्यातलं त्यांचं बोट होडीच्या कडेवर वाजत होतं,
लांब, आखूड, आखूड.
ती लिपी आमच्यात कुणालाच येत नव्हती.

एक पिल्लू होडीला येऊन थडकलं.
मुठीएवढं, काळंपांढरं, तोंड उघडं.
हाल्वर वाकले आणि घशातून, अगदी हळू,
लोमवीच्या बापासारखे घरघरले.
मी त्यांना अडवायला हवं होतं.
मी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं.

पिल्लाने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.
धुक्यात कुठूनतरी दुसरी घरघर आली,
तिकडे ते पाय मारत निघून गेलं.
"तीसुद्धा अशीच," हाल्वर म्हणाले
आणि हसले, की नाक पुसलं, नक्की सांगता येत नाही.

रात्री (रात्र म्हणायची, सूर्य कुठे मावळत होता)
सलूनमध्ये मी दिवसाची यादी वाचली.
अस्वल: नाही.
लोमवीची पिल्लं: असंख्य.
"असंख्य नको," हाल्वर म्हणाले, "वहीत आकडा लिहितात."
मग कानांनी जेवढी आठवत होती तेवढी
आम्ही तेरा जण बोटांवर मोजत बसलो.
सदतीसवर अडलो.
कुरवाने नेलेलं धरायचं की नाही,
ह्यावर डॉक्टरीणबाई कुणाचं ऐकेनात.