साठच्या पुढे

चाळीसला काही नाही. पन्नासला काही नाही.
साठला काटा टेकला की खालून कुठूनतरी
हूंऽऽ.
बंद खोलीत, तोंडात सुपारी धरून
कुणी नुसतं हो म्हणावं, तसं.

उदगीर ते नळेगाव, नळेगाव ते उदगीर,
तीन आठवडे.
मी सरकारी दवाखान्यात गोळ्या मोजून देते,
दहाच्या पट्टीतल्या सहा कात्रीनं कापून.
आवाज मोजायची सवय नाही मला.

नवरा म्हणाला, रेडिओ मोठा कर.
लॅबमधले गुट्टे म्हणाले, टायर. टायरच असतंय.
सिस्टर एकदा मागच्या सीटवर बसून आल्या,
उतरताना म्हणाल्या, मला तर बाई झोप छान लागली.
गाडी ज्यानं विकली त्या देवणीच्या कंडक्टरला फोन केला.
माझ्याकडं होती तवा नव्हता, म्हणाला,
आणि मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

मग एकटीनंच सुरू केलं.
काच खाली. काच वर. पंखा बंद.
डाळ मिलच्या लांब भिंतीला खेटून गाडी नेली,
भिंतीनं आवाज परत दिला
तुरीच्या फोलपटाचा वास लावून,
पण कुठला, ते सांगितलं नाही.
उतारावर न्यूट्रल केली: इंजिन निवांत, हूं तसाच.
म्हणजे इंजिन नाही.
एवढं कळलं तर पेपर सुटल्यासारखं वाटलं.

फाट्यावर मैनोद्दीन मिस्त्री.
पाटी नाही, एक टांगलेला टायर,
त्यावर चुन्यानं फोन नंबर, मधला एक आकडा पुसलेला.
मी सांगायला लागले: साठच्या पुढे, खालून, म्हणजे कसं की
त्यांनी हात वर केला.
"तुम नको बोलो मॅडम. उसकू बोलन देव."

शेजारी बसले. चपला काढल्या,
पायाखालचं मॅट गुंडाळलं,
उघडे तळवे पत्र्यावर टेकवले
आणि डोळे मिटले.
साठ. हूंऽऽ.
"जरा उजवीकडं."
रिकाम्या रस्त्यावर हळूच वळवली, आवाज फुगला.
"आता डावीकडं."
बसला,
उतू येणाऱ्या दुधावर फुंकर मारावी तसा.
"डाव्या हाताचं पुढचं चाक. बेअरिंग."
डोळे अजून मिटलेलेच.
मी म्हटलं, वळले उजवीकडं, आणि दोष डाव्याचा?
"उजवीकडं वळताना भार कुणावर येतो?
तोच रडणार ना."

बेअरिंग उदगीरहून एसटीनं आलं,
ड्रायव्हरच्या केबिनमधून, कालच्या पेपरात गुंडाळून.
तोवर मी जॅकवर तिरक्या झालेल्या गाडीकडं बघत
दोन चहा प्याले.
जुनं बेअरिंग त्यांनी माझ्या हातात ठेवलं,
फिरवून बघा म्हणाले.
भातातला खडा दातांना लागतो,
हा बोटांना लागला.
साडेअकराशे. सहा महिने गॅरंटी, तोंडी.

परतताना ऊन कललेलं,
दोन्ही बाजूंना कापलेल्या तुरीचे ढीग.
साठ. काही नाही.
सत्तर. नुसता वारा.
गाडी इतकी गप्प
की नवीन सून आणल्यासारखं मीच जपून बसले.

पूल ओलांडला आणि
हूंऽऽ.

तोच. सूरसुद्धा तोच.
उजवीकडं वळवली: फुगला नाही.
डावीकडं: बसला नाही.
चाळीसवर आणली, तरी चालूच.
साडेअकराशे, म्हटलं, आणि तोंडी गॅरंटी.
गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली.
इंजिन बंद, चाकं बंद, रस्ता बंद,
हूंऽऽ.

तूर बडवत बसलेल्या एका बाईनं
काठी हवेतच थांबवून माझ्याकडं बघितलं.

मी आवंढा गिळला.
आवाज थांबला.

"काय झालं ओ ताई?"
काही नाही, म्हटलं,
गाडी जराशी.