अन्यथा नमूद नसल्यास

गणितात एकशे सदुसष्ट.
भाषेत एकशे एक्केचाळीस.
निकालाचा कागद डब्याखाली सरकवला
तर आई म्हणाली, कसलं बिल आहे गं?

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात
चार वर्षं मी भोकं मोजते.
हातात गेज, एक टोक गो, एक टोक नो-गो.
गो शिरलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे.
एवढंच माझं तत्त्वज्ञान. पगारही एवढाच.

शब्दांना मात्र गेज नव्हतं.
तीन हजारांची यादी उसनी आणली
जिग्नेशकडून, जो आता विंडसरला बर्फ उपसतो.
दात घासताना वीस,
डेपोत बस लागेपर्यंत दहा,
आणि रावपुऱ्यात उतरताना पाहावं
तर सगळे सुट्ट्या पैशांसारखे सांडलेले.

परीक्षेत वाक्याला भोक असायचं, खाली पाच शब्द.
मी त्यातला सगळ्यात चकचकीत उचलायचे.
एवढा अवघड आहे म्हणजे
बरोबरच असणार की.

मे महिन्यातली रात्रपाळी. पत्रा अजून तापलेला.
नव्या पोरानं अख्खी पेटी रिजेक्ट केली,
आणि सत्तारभाई त्याला म्हणाले, चिडले नाहीत,
'पहेलां काणुं जो, दीकरा. शाफ्ट पछी.'
आधी भोक बघ.
माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

घरी येऊन पाचही शब्दांवर
बसच्या तिकिटांची चळत ठेवली.
नुसतं वाक्य वाचलं, दोनदा, पुटपुटत,
आणि भोकात आधी आपलाच शब्द घातला:
हेकट. दमलेला. तोंडदेखलं.
मग तिकिटं उचलली.
'तोंडदेखलं'च्या मापाचं इंग्रजीत
एक होतं, अगदी बसणारं,
बाकीचे चार खुळखुळत होते.

वाक्याला बिजागरी असते हेही तेव्हा दिसलं.
जरी. तरी. असं असूनही.
तिथं दार उलट्या बाजूला उघडतं
आणि मी इतके दिवस भिंतीला धडका देत होते.
आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात
चार वर्षं डोळ्यांखालून गेलेलं ते,
अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड,
अन्यथा नमूद नसल्यास सर्व मापे मिलिमीटरमध्ये.
म्हणजे बिजागरी मला रोज भेटत होती,
मी तिला शिक्का समजत होते.

खरं तर हे लहानपणीच यायला हवं होतं.
समोरच्या हंसाबेन जिन्यातून हाक मारायच्या,
'नवरी छे के?'
म्हणजे मोकळी आहेस का, जरा पापड लाटायला ये.
आणि पुण्याहून आलेली मावशी दचकून
माझ्या कपाळाकडे बघायची.
शब्द ज्या दारातून आला त्या घरचा असतो.
हे मला ठाऊक होतं, आणि तरी
(ही पाहा, बिजागरी)
मी यादी पाठ करत बसले होते.

मग गेज कुठंही लागायला लागलं.
फीचा आकडा सांगितला तेव्हा
बाबा म्हणाले, वांधा नाही.
मी लावून पाहिलं.
शिरत होतं. पण हलत होतं.
आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा अहमदाबादला जाऊन आले.
एकशे त्रेपन्न.
जिग्नेश म्हणाला, ठीकठाक.
सत्तारभाईंनी किती पैकी ते विचारलं,
सांगितलं, तर म्हणाले, 'टॉलरन्समध्ये आहे.'
आणि माझ्याच पैशांनी सगळ्यांना सेवउसळ खायला घातली.

आईला म्हटलं, दोन वर्षांनी परत येईन.
कोपऱ्यातली बारीक अक्षरं
तिनं वाचली नाहीत, किंवा वाचली.
डब्याचं झाकण दाबत म्हणाली,
तिकडे बस वेळेवर येते का गं?