धुक्यातले बारा फर्लांग

सहा फर्लांगांवर चकमक कुणाचं ऐकत नाही.
तीन वर्षांची पोर. दोनदा जिंकली,
दोन्हींदा मान वाकडी करून, कडियाळ चावत,
शर्यत जशी मुनव्वरशीच होती.
त्याचे तळवे बघा. बाभळीची साल.

बारा फर्लांगांना नाव द्यायचं का,
उद्या चारच्या आत कळवायचंय.
जगदाळेसाहेब म्हणतात, आईकडून दम आहे.
अण्णा घाटपांडे म्हणतात, असेल हो,
पण तो पुरवून कसा वापरायचा, ते आईकडून येत नाही.
मोतद्दार भगवानदास काहीच म्हणत नाही.
गुळाचा खडा फोडतो, अर्धा तिला, अर्धा आपल्याला.

माझं काम घड्याळाचं.
सत्तावीस हिवाळे याच कठड्याशी.
आज धुकं असं, की डोंगरासकट किल्ला गेलाय,
दहा पावलांवरचा खांबही.
"सोडू का?" नुसता आवाज आला, मुनव्वर नाही.
म्हटलं, सोड.

पहिले तीन फर्लांग नेहमीचेच.
टापांवर टापा,
जिन्यावरून कुणी पितळी भांडी सोडावीत तशा.
मनात म्हटलं, झालं. आठव्यावर पाय जड,
दहाव्यावर चालतच येईल.

मग मुरारकडच्या वळणावर आवाज बुडाला.
लांब कुठे गजकवाले तीळ कुटत होते,
धप् धप्, ना घाई ना आळस,
रात्रभर कुटायचंच आहे अशा हातांनी.
मी तेच ऐकत राहिलो.
बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
सकाळचे सात वाजलेत,
भट्ट्या केव्हाच निवल्या असतील,
आणि तो ठोका जवळ येतोय.

ती धुक्यातून निघाली तेव्हा कान सैल होते,
लगामाला झोळ.
मुनव्वर म्हणाला, "मैंने कुछ नहीं किया, काका.
पुढे कुणी दिसेना, मग भांडणार कुणाशी?"

भगवानदासनं बरगड्यांना कान लावला,
बराच वेळ काढला नाही.
अण्णांनी विचारलं, "किती?"
मी मूठ उघडली.
काटा शून्यावर. बटण दाबलंच नव्हतं.

अण्णा रागावले नाहीत, हे जास्त लागलं.
आकाशाकडे बघत एवढंच म्हणाले,
"रविवारी ऊन असेल.
सात घोडी पुढे दिसतील तिला."

अर्ज अजून खिशात आहे.
नाव लिहिलंय, अंतराची जागा कोरी.
चकमक माझी बाही चावतेय,
गूळ संपलाय हे तिला पटत नाही.