अर्धी दाढी

बुधवारचा बाजार. पंचायतीच्या भिंतीले माही खुर्ची.
डोमाजी कुमरेचा उजवा गाल झाला,
डाव्यावर वस्तरा ठेवला तं
गाल वल्ल्या कापडावानी.
फेस ओठातून गळत होता, त्याले पत्ता नाही.

"डोमाजी, हास बरं."
अर्धाच हासला.
"दोन्ही हात वर कर."
एक मांडीवरच राह्यला.
"गावाचं नाव सांग."
तोंडात खर्रा असल्यावानी काहीतरी.

लोक जमले. वारं गेलं म्हणे अंगावरून,
कबुतराचं रक्त चोळा.

माह्या बापाले चोळलं होतं आम्ही, तीन दिवस.
कबुतरं चार गेली,
बाप नवव्या दिवशी.

म्या घड्याळ पायलं. नऊ वाजून दहा.
तळहातावर पेनानं लिहिलं.
एकशे आठ बोलावली, संग मीच बसलो,
कपडा त्याच्या गळ्याले तसाच.

डॉक्टरनं पह्यले तेच इचारलं, केव्हापासून?
म्या हात पुढे केला.

पोळ्याच्या आदल्या बुधवारी डोमाजी आला, काठी टेकत.
'र' अजून सापडत नाही त्याले.
खुर्चीत बसला, डावा गाल पुढे केला:
"अधी... बाकी हाये."

वस्तरा धुतला.
म्हणलं, बीपीची गोळी घेतली का आज?