खुशाली कळवणे

फॉर्मवर पाच तोंडं होती.
पहिलं खदाखदा हसणारं, पाचवं रडवेलं,
मधली तीन आपल्यासारखी.
प्रश्न: शाळेत आल्यावर तुला कसं वाटतं?
सातवी ब मधल्या सुमेध पगारेनं
पाचांच्या पलीकडे, समासात,
एक सहावं काढलं.
डोळे होते, कान होते.
तोंडच नव्हतं.

तो कागद मी मुख्याध्यापकांना दाखवला नाही.
स्कॅन करून वोरूला पाठवला.

वोरू म्हणजे एस्टोनियातलं गाव,
वर्गातल्या नकाशावर बोट ठेवलं
तर नखाखाली झाकून जातं.
तिथली काद्री टीचर आणि मी, आडगावची खैरनार मॅडम,
दोन शाळांचा एक प्रकल्प चालवतो.
त्याचं नाव इंग्रजीत आहे, लांबलचक.
मराठीत काय म्हणायचं
यावर स्टाफरूममध्ये दोन चहा झाले.
'कल्याण' म्हणावं, तर पोरं विचारतात,
पंचवटी एक्सप्रेस थांबते तेच ना?
'स्वास्थ्य' म्हटलं की नर्सबाई आठवतात,
जंताच्या गोळ्या घेऊन आलेल्या.
शेवटी कपबशा उचलता उचलता दत्तूमामा शिपाई म्हणाले,
आम्ही पत्रात लिहायचो ना मॅडम,
इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवणे.
तेच लिहा की.

काद्रीचं उत्तर रात्री आलं.
तिच्या वर्गातल्या लीसनं
पाचही तोंडांना गोल केले होते
आणि एकेकाखाली वार लिहिले होते,
सोमवार ते शुक्रवार.

मग फेब्रुवारीत एकदा,
आमचे दुपारचे दोन, त्यांचे सकाळचे साडेदहा,
पडद्यावर तीसेक चेहरे, आवाज आधी, ओठ मागून.
थंडी किती तुमच्याकडे?
अल्फिया ऐटीत म्हणाली, निफाडला पारा आठवर!
तिकडे उणे अकरा.
तरी त्यांनी शहाण्यासारखं 'अरे बापरे' केलं.

लीस द्राक्षं खात होती.
सुमेध बाकावरून उठला,
तीन महिन्यांत पहिल्यांदा, आपणहून.
डबा उलटा कर, तो मराठीतच म्हणाला.
त्याची आई हंगामात पॅकहाऊसला जाते,
डोक्याला जाळीची टोपी, दिवसभर उभी.
त्या दिवसांत धाकटी त्याच्याकडे असते
आणि माझ्या हजेरीत लाल फुली.
हे मला जूनपासून माहीत असायला हवं होतं.

लीसनं डबा उलटा धरला.
लेबल कॅमेऱ्याजवळ आलं
आणि नेमकं चित्र अडकलं.
पांढरा ठिपका. गाव वाचता आलं नाही.
गोड आहेत का, एवढं विचारा, सुमेध म्हणाला.
आहेत, लीस म्हणाली. थोडी आंबटही.

काद्री रोज सकाळी दारात उभी राहते,
एकेकाला नावानं आत घेते.
ही सवय आम्ही उचलली.
पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, नखं तपासतेय,
सगळ्यांनी हात पुढे केले.

आम्ही त्यांना काय दिलं?
तिनं योगासनं मागितली होती, व्हिडिओ पाठवले.
पण तिला आवडलं भलतंच.
शाळा सुटताना आमच्याकडे कुणी 'जातो' म्हणत नाही,
'येतो' म्हणतात.
जाताना? तिनं तीनदा विचारलं.
हो, जातानाच.
आता वोरूत, बर्फाचे बूट चढवता चढवता,
मुलं म्हणतात म्हणे, मा तुलेन.
मी येतो.

मार्चअखेर अहवाल द्यायचा आहे.
रकाना आहे: सुधारणा, टक्क्यांत.
मी तो शेवटी भरायचा ठेवलाय.

शनिवारी सकाळची शाळा सुटली.
सुमेध दारात थांबला,
चपलेचा निघालेला अंगठा दाबून बसवला,
आणि खालीच बघत म्हणाला,
येतो, मॅडम.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.