घोटा

सुगीआधी घोड्यावरून पडली होती,
म्हणून गुडघा सुजलाय असं धरून चाललो.
आजोबांनी मेंढीची चरबी चोळली.
दुखायचा रात्रीच. वाढीचं वय, म्हणाली तिची आई,
आणि मी ते आनंदानं मानलं.

उलानबातरला फोटोत दिसलं,
मांडीचं हाड खाली, उंदरांनी कुरतडलेल्या खोगिरासारखं.
अख्खा माळ म्हणायचा, पोर हाडाची घोडेस्वार.
कुठल्या हाडाची, ते कुणी विचारलं नव्हतं.

दहा आठवडे शिरेतून औषध. वेण्या गेल्या.
वसंतात घोड्यांचीही आयाळ कापतात, ती नर्सला म्हणाली.

डॉक्टर पुरेवनं खिशातून मेंढीचा घोटा काढला,
आमची पोरं खेळतात तसला.
गुडघा जाईल, म्हणाला. खालचा पाय वर घेऊन
उलटा फिरवून जोडू. टाच पुढे, बोटं मागे.
घोटाच मग गुडघ्याचं काम करेल.
मी भिंतीकडे बघत राहिलो.
निंजिननं हाड घेतलं, चादरीवर टाकलं.
मेंढी पडली.
पुन्हा. बोकड.
पुन्हा.
अगं, एकदाच टाकायचं असतं.
हाड माझं आहे ना, म्हणाली.

आता गुडघा सरळ करायचा तर ती पंजा ताणते.
दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो;
त्या सकाळी घरात चहाही कुणी ढवळत नाही.

काल ती उजवीकडून घोड्यावर चढली.
तो बिचकला, बाजूला सरला.
त्याला जन्मभर डावीकडूनच सवय.
थांब रे, म्हणाली,
मलाही नवीनच आहे.